ठिणगी हाय, मन न्हाई

गेणूतात्या प्लग चाटायचा.

प्लग म्हणजे इंजिनातला, ठिणगी पाडणारा. मोपेड असो की फवारणीचा पंप, बंद पडलेलं यंत्र दारात आलं की तात्या आधी प्लग उपसायचा, कैरीची फोड ठेवावी तसा जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटायचा. मग निकाल. "पेट्रोल जादा झालंय." "तेल कमी पडतंय." राजूरच्या एका गुरुजींना एकदा म्हणाला, "खारट लागतोय. गुरुजी, घरी भांडून गाडी हानत जाऊ नका." गुरुजी तसेच माघारी फिरून बायकोची समजूत काढायला गेले, अशी बोलवा आहे. उठवली मीच होती, पण म्हणून खोटीच असेल असं नाही.

शेंडी गावच्या एसटी स्टँडवर माझं हॉटेल आणि भिंतीला भिंत लावून तात्याचं गॅरेज. तात्याच्या अंगावर इतकं ऑईल मुरलेलं की आमच्या पावसात डोंगर भिजून खाली सरकायचे, पण तात्या भिजायचा नाही. थेंब पडायचे आणि घरंगळून जायचे. शिवी अशी हासडायचा की रंध्याच्या धबधब्याचं पाणी क्षणभर कड्यावर थबकायचं. आणि मोडलेल्या यंत्राबद्दल त्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं. सगळं जागेवर असून गाडी सुरू होत नसली की हात पुसत म्हणायचा, "ठिणगी हाय, मन न्हाई."

त्याची बायको सरूकाकू. धरणाच्या बागेपाशी तिची भज्यांची टपरी होती. माहेर जामखेडकडचं, कोरड्या मुलखातलं, त्यामुळे तळण करडईच्या तेलातच. आमच्या डोंगरात करडई नाही. तिचा भाऊ दिवाळीला एसटीच्या टपावरून डबे पाठवायचा. तो वास वाऱ्यावर निघाला की धरणातले मासे काठाला येऊन तोंड उघडायचे. तात्या संध्याकाळी टपरीवर जायचा आणि नवराबायकोची जुगलबंदी सुरू व्हायची.

"त्यो तेलकट हात लावू नगा परातीला!"

"तेल तुझंबी, तेल माझंबी. काळं पडायचं ते पडतंच."

"माझ्या तेलानं मानसं येत्यात. तुमच्या धुरानं पळत्यात!"

ही गोष्ट घडली तेव्हा ती वारल्याला दोन पावसाळे झाले होते. टपरीला कुलूप. तात्या जेवायला माझ्याकडे यायचा आणि धरणाकडे पाठ करून बसायचा. भजी पुढे केली तर म्हणायचा, "तुझी भजी म्हंजे पामतेलाची आंगूळ." बस, एवढंच. शिव्या कमी झाल्या, आणि रंध्याचं पाणी बिनधास्त कोसळू लागलं.

त्या हिवाळ्यात नाशिकच्या एका शेठनी धरणावर पाण्यावरची स्कूटर आणली. नव्वदीचा काळ, आमच्या भागात रंगीत टीव्ही बघायलासुद्धा माणसं डोंगर उतरायची, तिथे पाण्यावर पळणारी लालभडक स्कूटर! राखणीला भाऊराव ठेवला होता. गरीब माणूस, घरात खाणारी सात तोंडं. शेठनी फोनवरून सांगितलं, "टपरीत डबा आहे. त्यातलं तेल पेट्रोलमध्ये मिसळून टाकी भर." दोन स्ट्रोकचं इंजिन ते, त्याला तेल पेट्रोलातूनच पाजावं लागतं.

आता शेठ ज्याला टपरी म्हणत, ती त्यांची तिकिटांची पत्र्याची खोली. पण भाऊरावाच्या लेखी तिथे तिकीट मिळतं, म्हणजे ते हापिस. शेंडीत टपरी एकच. तात्या तिकडे फिरकत नसल्याने तिची किल्लीही राखणदार म्हणून भाऊरावाकडेच असायची. त्याने कुलूप काढलं, कोपऱ्यातला डबा उचलला आणि मापात, मनोभावे, करडईचं तेल मिसळलं.

स्कूटर सुरू झाली. दोन फेऱ्या मारल्या. काठावर असा खमंग धूर सुटला की सहलीला आलेल्या बायका चटणी मागू लागल्या आणि माझ्या हॉटेलातलं बेसन त्याच दुपारी संपलं. तिसऱ्या फेरीला ती खोकली, विझली, आणि मग बटण दाबलं की नुसतं घर्रर्र, पाठीमागून एक फुसकी, की गप्प.

तात्याला बोलावलं. काठावर ओढून ठेवलेल्या त्या लाल धुडाचा त्याने प्लग काढला, चाटला, डोळे मिटले.

आम्ही निकालाची वाट बघत राहिलो.

त्याने पुन्हा चाटला. मग दुसरा काढला, तोही चाटला. मग म्हणाला, "अवघड केस हाय. येळ लागंल."

तात्याला आणि वेळ? चालत्या ट्रॅक्टरचा आजार आवाजावरून सांगणारा माणूस! पण तो रोज संध्याकाळी धुकं उतरायच्या सुमाराला तिथे जायचा. ट्रॅक्टरची बॅटरी जोडायचा, बटण दाबायचा. घर्रर्र. फुसकी. गप्प. आणि धूर निघायच्या नळीपाशी तोंड नेऊन बसून राहायचा. गावात कुजबुज सुरू झाली, म्हातारा हरला. मी तर सांगत सुटलो की तात्या नळीतून इंजिनाच्या कानात मंत्र फुंकतोय. लोक हसले. तात्या नुसता म्हणाला, "ठिणगी हाय, मन न्हाई," पण ते इंजिनाबद्दल होतं असं मला वाटलं नाही.

मग शेठचा निरोप आला. नाताळच्या गर्दीआधी स्कूटर सुरू झाली नाही तर ती उचलून नेणार, आणि भाऊरावानेही घरी बसावं.

भाऊराव माझ्या हॉटेलात तात्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा राखेसारखा.

"तात्या, एक चूक झाली. त्यो डबा... वैनींच्या टपरीतला हुता."

"म्हाईतीय."

"कवापासनं?"

"चाटला तवापासनं."

"मंग बोलला का न्हाई, तात्या? माझी भाकर चाललीय!"

तात्याने चहा बशीत ओतला, पण प्यायला नाही. बशीवर साय धरली. मग उठला आणि पान्यांची पिशवी खांद्याला लावली. "डब्यात काय ऱ्हायलंय?"

"काय न्हाई. समदं टाकीत."

"चल."

दुपारपर्यंत काम झालं. टाकी उपसली, कार्बोरेटरमधला चिकटा धुतला, प्लग नवे, तेल इंजिनाचं. टाकीतलं जुनं मिश्रण मात्र त्याने फडक्यातून गाळून एका कॅनमध्ये भरलं आणि बूच घट्ट लावलं. स्कूटर पाण्यात सोडली, बटण दाबलं, आणि ती एका दमात निघाली. निळा, परका, पेट्रोलपंपासारखा धूर. शेठ आले, खूश झाले, विचारलं, काय झालं होतं?

"थंडी," तात्या म्हणाला. "गारठली हुती बिचारी." भाऊराव पाण्याकडे बघत राहिला.

नंतर एका संध्याकाळी बंद टपरीसमोर मला तात्याची जुनी मोपेड तिच्या स्टँडवर चढवून उभी केलेली दिसली. तात्या तिच्यावर बसून पायडल मारत होता. फट. फट. जराशी फुसकी, की बंद. वाऱ्यावर तो वास आला आणि मी चहाचा ग्लास घेऊन जवळ गेलो. त्या वेळेला सरूकाकूचा स्टोव्ह पेटायचा.

त्या तेलाने प्लग पार काजळला असणार, हे माझ्यासारख्या चहावाल्यालाही कळत होतं. ग्लास त्याच्यापुढे धरून मी म्हणालो, "तात्या, प्लग तेवढा पुसा की. एका पायडलात सुरू होईल."

तात्याने ग्लास घेतला. कॅन उचलून कानाशी हलवला. तळाला थोडंसं डुचमळलं.

"एकदम सुरू झाली," तो म्हणाला, "तर एकदम संपंल की रं."

आणि त्याने हळूच पुन्हा एक पायडल मारलं.