पाहुण्याची दुसरी सर्व्हिस

माणूस खोटं बोलेल, त्याची दुसरी सर्व्हिस बोलणार नाही. हे वाक्य माझं स्वतःचं आहे. सँडहेवनच्या टेनिस क्लबात चहा पिता पिता मी ते इतक्या जणांना ऐकवलंय, की आता मी कप उचलला की लोक खुर्च्या सरकवायला लागतात.

सरकवू देत. मी, नॉर्मन टॅपसेल, सगळी नोकरी डेअरीच्या हिशेबखात्यात काढली आहे. कुणाच्या दुधात किती पाणी आहे हे मला दूध न बघता, नुसत्या आकड्यांवरून कळायचं. टेनिस तर त्याहून सोपं. पहिली सर्व्हिस खेळाडू जिवाच्या आकांताने मारतो. ती चुकली की दुसरी सांभाळून टाकतो, आणि तिथेच त्याचं पाणी दिसतं. सामना चालू असताना सट्ट्याचा भाव पॉइंटागणिक खालीवर होतो. लोक फळ्यावरचा स्कोअर बघून पैसे लावतात. मी बघतो, दुसऱ्या सर्व्हिसवर याने किती पॉइंट घालवले आणि समोरच्याने रिटर्नवर किती खेचले. लोकांना जो जिंकताना दिसतो, तो मला घसरताना दिसतो.

हे ज्ञान मी काचघरासाठी वापरायचं ठरवलं. माझ्या बायकोला, ग्वेनला, कित्येक वर्षांपासून परसात टोमॅटोसाठी काचघर हवं होतं. शेजारच्या मिसेस ऑर्डकडे होतं. दर उन्हाळ्यात त्या आमच्याकडे टोमॅटोची एक पिशवी पाठवायच्या, अनाथाश्रमाला जुने कपडे पाठवावेत तशी. ग्वेन ते टोमॅटो दात-ओठ खात चिरायची. अखेर काटकसर करून तिने निम्मे पैसे जमवले आणि माझ्याकडे ठेवायला दिले. का, तर हिशेबाचा माणूस मी.

त्यात आमच्या गावची स्पर्धा आली. बक्षिसं बेताची, खेळाडूंना हॉटेल परवडत नाही, म्हणून गावकरीच त्यांना घरी ठेवून घेतात. आमच्या वाट्याला एस्टोनियाचा तानेल आला. कपडे वाळत घालायच्या काठीइतका उंच, स्वभावाने गरीब, आणि सकाळी अख्खी पावाची लादी खाऊन वर विचारणारा, "मी तुम्हाला त्रास तर देत नाही ना?" ग्वेन तर विरघळलीच. आमच्या सगळ्या संसारात माझ्याही ताटात तिने कधी इतकं लोणी घातलं नव्हतं.

क्लबच्या सेक्रेटरी मिसेस हॅलम यांनी आम्हा यजमानांना बजावलं होतं, की आपल्या पाहुण्यावर कुणी पैसे लावायचे नाहीत. मी ते तंतोतंत पाळलं. मी त्याच्यावर लावणार नव्हतोच. त्याच्याविरुद्ध लावणार होतो.

कारण आकडे स्वच्छ होते. तानेल पहिला सेट तोफेसारखा खेळायचा. मग दमायचा, पहिली सर्व्हिस जाळ्यात जायची, आणि दुसरी म्हणजे निव्वळ दानधर्म. त्याने पहिला सेट जिंकला की त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा भाव चढणार, म्हणजे तो जिंकला तर जास्त पैसे मिळणार, तिथे ग्वेनचे पैसे टाकायचे आणि संध्याकाळी काचघरवाल्याला फोन करायचा. बेत इतका पक्का होता की मी रात्री झोपेत टोमॅटो तोडले, असं ग्वेन म्हणते.

उपांत्यपूर्व सामन्याच्या सकाळी तानेलने मार्मलेडची बाटली माझ्याकडे सरकवली.

"मिस्टर टॅपसेल, तुम्ही सगळं मोजता असं ऐकलं. माझं कुठे चुकतं?"

आता शहाण्या माणसाने इथे मार्मलेड लावावं आणि गप्प बसावं. पण मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी आकडे आपणहून विचारले होते! ग्वेननेसुद्धा कधी विचारले नाहीत. ती फक्त ऐकते, तेही रेडिओ लावून.

"तुझी दुसरी सर्व्हिस," मी म्हणालो, "पेन्शनर रस्ता ओलांडतो तशी येते. आणि दर वेळी त्याच बाजूला, बॅकहँडला. समोरचा आधीच तिकडे जाऊन उभा असतो. अंगावर टाक की."

त्याने मान डोलावली आणि आणखी एक पाव घेतला. मी निश्चिंत होतो. नाश्त्याला बोललेल्या गोष्टीने कुणाचा हात सुधारत असता, तर माझं गोल्फ आज कुठल्या कुठे असतं.

समोर बेल्जियमचा व्हर्बेक होता. तानेलने पहिला सेट घेतला. व्हर्बेकचा भाव तिप्पट झाला. मी टोपी मांडीवर ठेवली, टोपीत फोन धरला आणि ग्वेनचं सगळं काचघर व्हर्बेकवर लावलं.

दुसऱ्या सेटमध्ये तानेलची पहिली सर्व्हिस जाळ्यात जाऊ लागली. अगदी माझ्या आकड्यांप्रमाणे. मग त्याने दुसरी टाकली. थेट व्हर्बेकच्या पोटावर. व्हर्बेक मधमाशी चावल्यासारखा वाकला. पॉइंट तानेलचा. त्याने प्रेक्षकांत मला शोधलं आणि अंगठा दाखवला. पुढच्या पॉइंटला तेच. परत अंगठा. आजूबाजूचे लोक माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. मी टोपीत तोंड घालून निम्मे तरी पैसे सोडवता येतात का बघत होतो. पण दर पॉइंटला व्यवहार गोठायचा, आणि सुटला की परत मिळणारी रक्कम आणखी खाली गेलेली असायची.

ग्वेनने हात घालून फोन काढून घेतला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला. "नॉर्मन, तो तुझ्याकडे बघतोय. टाळ्या वाजव."

मी टाळ्या वाजवल्या. काचघराची एकेक काच फुटत होती आणि मी वाजवत होतो.

तानेल जिंकला. मिसेस हॅलम यांनी त्याच्यापुढे माईक धरला. हे सगळं श्रेय मिस्टर टॅपसेल यांचं, असं त्याने सांगितलं, वर पेन्शनरची उपमाही सांगितली. समोर बसलेले सगळे पेन्शनरच. ते माना वळवून वळवून माझ्याकडे बघत होते. ग्वेनचे डोळे भरून आले होते.

"मला माहीत आहे तू काय केलंस," ती कानाशी येऊन म्हणाली.

मी टोपी डोळ्यांपर्यंत ओढली.

"पहिला सेट झाल्यावर टोपीत फोनवर बोटं मारत होतास. नियम मोडलास, पण आपल्या पोरावर लावलेस, म्हणून मी रागावले नाही. मघाशी चहाच्या तंबूतून काचघरवाल्याला फोनसुद्धा केला. सगळ्यात मोठं सांगितलंय. गुरुवारी येतायत."

त्या संध्याकाळी मीही एक फोन केला, डेअरीला, पुन्हा काम मागायला. आता मी आठवड्यातून तीन सकाळी तिथे हिशेब बघतो आणि काचघराचे हप्ते भरतो. नॉर्मनला घरी करमत नाही, असं ग्वेन मिसेस ऑर्डना टोमॅटो देताना सांगते.

उपांत्य सामन्याच्या सकाळी तानेलने पुन्हा मार्मलेड सरकवलं. "आणि माझे रिटर्न?"

मी सगळं सांगितलं. फार मागे उभा राहतोस, दोन पावलं पुढे ये. तो बरोबर तिथे उभा राहिला आणि सहा-एक, सहा-दोन असा हरला. माझ्या सल्ल्याने तो साफ बुडाला, आणि नेमकी त्या दिवशी त्याच्याविरुद्ध लावायला माझ्याकडे एक पेनी नव्हती.