भिडस्त सोनटक्के

सोनटक्के साहेब बसमधली घंटी वाजवत नाहीत.

कुवेतच्या बसमध्ये उतरायचं असलं की खांबावरचं लाल बटण दाबायचं. पुढे टिंग वाजतं, ड्रायव्हर पुढच्या थांब्यावर गाडी उभी करतो. लहान पोरांना तर हे बटण दाबायची हौस असते. पण साहेबांचं म्हणणं असं, की आपल्या एकट्यापायी एवढी भरली गाडी थांबवायची म्हणजे काय? "उगं कशाला माणसांना त्रास!" म्हणून दुसरं कुणी उतरेल तिथे ते उतरतात आणि उरलेलं अंतर चालतात. जुलैच्या उन्हात, डोक्यावर ओला रुमाल टाकून. एकदा फिंतासला, म्हणजे आमच्या थांब्यावर, कुणीच उतरलं नाही. त्याच्या पुढेही नाही. साहेब थेट फहाहीलच्या शेवटच्या थांब्यापर्यंत गेले, तिथे एक चहा प्यायले आणि उलट्या बसने निघाले. परत येताना नशिबाने एक बाई फिंतासला उतरली. "लई उपकार झाले बघा त्या बाईचे," असं ते मला मनापासून सांगत होते.

दिगंबर सोनटक्के मूळचे परभणीचे. आमच्या कंपनीत अकाउंट्सला आहेत आणि माझ्याच इमारतीत, माझ्याच मजल्यावर राहतात. दोघांचं ऑफिस एक, इमारत एक, आणि माझ्याकडे गाडी. तरी ते बसनेच जातात. मी किती वेळा म्हटलं, "साहेब, चला की माझ्याबरोबर." तर म्हणाले, "नको हो. दोघं बसलो की तुम्हाला एसी वाढवावा लागंल."

कुवेतमध्ये नवीन आले तेव्हा त्यांना वाटलं, आपल्यासारख्याच माणसांच्या गावात आपण आलो. कारण जो तो "माफी, माफी" म्हणत होता. अरबीत माफी म्हणजे 'नाही'. बकाल्यात, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, त्यांनी दूध मागितलं. दुकानदार म्हणाला, "माफी." साहेब कळवळून म्हणाले, "अहो, माफी कशाची? संपलं असंल. माफ तुम्हीच करा." दुकानदार परत म्हणाला, "माफी, माफी!" साहेबांना इतकं भरून आलं की त्यांनी तिथून नको असलेले दोन साबण विकत घेतले. अर्थ कळायला त्यांना महिना लागला. कळला तेव्हा ते जरा खट्टू झाले.

'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून कोणत्याच भाषेत निघत नाही. एकदा दस्मानला काम होतं म्हणून टॅक्सीत बसले. ड्रायव्हरने नीट ऐकलं नाही. त्याने भलत्याच भागाचं नाव घेऊन विचारलं, "रुमैथिया?" साहेबांनी मान डोलावली.

"अहो, पण का?" मी नंतर विचारलं.

"त्यो इतक्या खात्रीनं म्हणाला हो. त्याला खोटं कसं पाडायचं?"

रुमैथियात उतरून त्यांनी ड्रायव्हरचे आभार मानले, तो दिसेनासा होईपर्यंत तिथल्या एका बंगल्याकडे निघाल्यासारखं केलं आणि मग बस शोधत दस्मानला गेले.

स्वतःची लाज पुरत नाही म्हणून की काय, साहेब दुसऱ्यांचीही लाज आपल्याकडे घेतात. एगैलाच्या मॉलमध्ये आम्ही त्यांना जेवायला नेलं होतं. वेटरच्या हातून ग्लास पडून फुटला. आम्ही सगळे वेटरकडे बघत होतो. साहेब टेबलाखाली शिरून काचा वेचत होते आणि खालूनच "माझा कोपर लागला, माझा कोपर," म्हणत होते. त्यांचा कोपर तिकडे नव्हताच. माझी मुलगी रेवा इंग्रजीत म्हणाली, "बाबा, व्हाय इज ही लाइक धिस?" मी तिला गप्प केलं, पण खरं सांगायचं तर चारचौघांत त्यांच्याबरोबर असलं की मलाही थोडं चोरट्यासारखं व्हायचं.

असा हा माणूस. आणि त्याची बायको इथे येणार, असं एक दिवस कळलं.

सोनटक्के वहिनी परभणीला असतात. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे कायमचं इकडे येणं शक्य नाही. मागच्या हिवाळ्यात नणंदेने सासूबाईंकडे बघायचं कबूल केलं आणि वहिनींना महिन्याचा व्हिसा मिळाला. आम्हाला वाटलं होतं, साहेबांना साजेशी कुणी पुटपुटणारी बाई असेल. पहिल्याच सकाळी बंद दारातून आवाज आला, "अहो ऽऽ! ह्या नळाला गरम पाणी काहून यायलंय?" चौथ्या मजल्यावरचा मल्याळी शेजारी बाहेर येऊन बघून गेला.

वहिनी मोठ्याने बोलायच्या, मोठ्याने हसायच्या, बकाल्यात परभणीच्या मराठीत घासाघीस करायच्या. बसमध्ये घंटीबिंटी काही नाही, सरळ "थांबव रे बाबा!" असं ओरडायच्या, आणि बस थांबायची. साहेब सावलीसारखे त्यांच्याबरोबर असायचे, नेहमी त्यांच्या उजव्या बाजूला. कुणी वहिनींना काही विचारलं की साहेबच घाईघाईने उत्तर द्यायचे. माझी बायको मनीषा चिडायची. "त्या बाईला बोलू तरी देतात का हे? लाज वाटते वाटतं बायकोची!" मलाही तसंच वाटलं होतं.

संक्रांतीला मराठी मंडळींनी एका हॉलमध्ये तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला होता. मनीषाने वहिनींना आग्रहाने नेलं, आणि त्यामुळे साहेब पहिल्यांदा माझ्या गाडीत बसले. वहिनींनी डबाभर धपाटे करून आणले होते. कार्यक्रमाआधीच डबा रिकामा झाला. जी ती बाई वहिनींना विचारत होती, पीठ कसलं, भाजायचं कसं. वहिनी खूश होऊन सांगत होत्या. साहेब तेवढ्यात खुर्च्या लावायला गेले होते, कारण कुणी सांगितलं तर त्यांना 'नाही' म्हणता येत नाही.

मग खेळ सुरू झाले. माइक घेतलेल्या एका हौशी बाईंनी वहिनींना गाठलं. तोंडापुढे माइक धरून त्यांनी विचारलं, "वहिनी, सांगा बरं, साहेबांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कसे वाटले?"

वहिनी हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या, "ज्वारीचे. थोडं बेसन घालते."

हॉलमध्ये हशा पिकला. बाईंना वाटलं, काय हजरजबाबी बाई आहे! त्यांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, "आणि आता, इतक्या वर्षांनी?"

"तव्यावर जरा जास्त भाजायचे. नाहीतर मधी कच्चे राहतात."

लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. मीही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. वहिनीही सगळ्यांबरोबर हसत होत्या. मग त्यांनी एकेका तोंडाकडे पाहिलं. हसू तसंच राहिलं, पण डोळे शोधू लागले. हात नकळत पदराकडे गेला. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, ऐकू येत नाही की काय त्यांना?" आणि त्यावरही दोघी-तिघी हसल्या.

तेवढ्यात साहेब मधल्या रांगेतून चालत आले. बाईंच्या हातून त्यांनी माइक घेतला. मागितला नाही, घेतला. बाजूला वळून त्यांनी तो छातीपाशी धरला, वहिनींना त्यांचं तोंड दिसेल असा.

"माझी मिशी कुठं गेली, सांगतो," ते म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी साहेबांची झुबकेदार मिशी अचानक नाहीशी झाली होती. कारण विचारलं की ते "उन्हाळा" एवढंच सांगत. आता त्यांनी सगळी कथा सांगितली. न्हाव्याने वस्तरा हातात घेऊन मिशीकडे बोट दाखवलं आणि काहीतरी विचारलं. साहेबांना भाषा कळली नाही, पण त्याला परत विचारायला लावायचं जिवावर आलं, म्हणून ते म्हणाले, हो. अर्धी गेल्यावर त्यांना प्रकार कळला. न्हाव्याने आरसा दाखवून विचारलं, बरं झालं का? साहेब म्हणाले, लई चांगलं झालं, आता उरलेली पण घ्या. अर्धी मिशी उतरवतानाचा आपला चेहरा त्यांनी करून दाखवला. न्हाव्याला बक्षिसी दिल्याचं सांगितलं. घरी येऊन आरशासमोर रडल्याचंही सांगितलं. हॉल हसून हसून बेजार झाला. धपाटे सगळे विसरले. वहिनी नवऱ्याच्या तोंडाकडे एकटक बघत होत्या, आणि त्याही पोट धरून हसल्या.

परतताना गाडीत साहेब माझ्या शेजारी होते. मागे मनीषा आणि वहिनी. हॉल मागे पडला. मग रस्त्यावरची नजर न हलवता साहेब बोलायला लागले. आवाज नेहमीचाच, कुजबूज नव्हे.

"तिला डावीकडून काहीच येत नाही ऐकू. उजवीकडून थोडंसं. ओठ बघून समजते. माइक मधी आला की संपलं."

मी दचकून आरशात पाहिलं. वहिनी खिडकीबाहेरचे दिवे बघत होत्या.

"तिला नाही कळायचं," साहेब म्हणाले. "माझं तोंड पुढं आहे."

"मशीन नाही का?" मी विचारलं.

"आहे ना. पेटीत. म्हणते, मशीन लावलं की लोक माझ्याशी बोलत नाहीत, कानाशी बोलतात. कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ आहे. आज तुम्हाला सांगितलं. लोक काय ते बोललेच मागं."

मनीषाने मागे मान खाली घातली होती.

"तुम्हाला एक विचारतो," साहेब म्हणाले, पण विचारलं काहीच नाही. "त्या दिवशी विमानतळावर मी दारापाशी उभा होतो. ती बाहेर आली, मला बघितलं, आन् एवढ्या मोठ्यानं हाक मारली, 'अहो परभणीकर!' सगळे बघायला लागले. ते अरब, त्या हवाई सुंदऱ्या, सगळे. आन् मी मागं वळून बघितलं. दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारायलीय, असं. दोन वर्षांनी भेटत होती हो."

"जाऊ द्या साहेब," मी म्हणालो.

"तिला कळलं नसंल," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "ओठ वाचती ती. तोंडावरचं सगळंच वाचती."

मागून वहिनींचा खणखणीत आवाज आला, "काय बोलायलेत हो दोघं?"

साहेब पूर्ण मागे वळले. दिव्याच्या उजेडात चेहरा आणून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "धपाटे छान झाले होते!"

महिना संपला, वहिनी गेल्या. नंतरच्या एका शुक्रवारी दुपारी मनीषाने मला साहेबांना जेवायला बोलवायला पाठवलं. दार लोटलेलं होतं. मी आत डोकावलो.

साहेब स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होते. समोर तेलाच्या डब्याला टेकून मोबाईल उभा केलेला. मोबाईलमध्ये परभणीचं स्वयंपाकघर, आणि त्यात वहिनी मेथी निवडत बसलेल्या. फोन लागलेला होता, पण बोलत कुणीच नव्हतं. मधूनच त्या वर बघायच्या, मधूनच हे. पुन्हा दोघं आपापल्या जुडीकडे.

मी हाक मारणार, इतक्यात नेट अडकलं. वहिनी पडद्यावर तशाच गोठल्या. हातात एक काडी, नजर खाली. साहेबांचाही हात थांबला. ते जुडी धरून तसेच बसून राहिले, अगदी न हलता.

चित्र पुन्हा हललं. वहिनींनी काडी मोडली. मग साहेबांनीही मोडली.

मी दार हलकेच लोटलं आणि घरी येऊन मनीषाला म्हणालो, "थांब जरा. ते जेवायला बसलेत."