तलावातल्या दिव्याचा स्क्रू

मी आयुष्यभर उसाच्या रेल्वेची इंजिनं खोलली आहेत. अख्ख्या क्वीन्सलंडमध्ये माझ्यापुढे दोन मिनिटांहून जास्त टिकलेला स्क्रू मला आठवत नाही. म्हणून मागच्या अंगणातल्या पोहण्याच्या तलावातला दिवा लागेना, तेव्हा मी ग्लेनिसला फोनवर छातीठोकपणे सांगितलं, "तू शनिवारी ये. दिवा लागलेला असेल!"

ग्लेनिस म्हणजे माझी बायको. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन महिने ती टूवूम्बाला बहिणीकडे होती आणि डॉक्टरांनी तिला शनिवारपासून पोहायची परवानगी दिली होती. तीस वर्षं ती रोज दिवेलागणीला त्या निळ्या उजेडात पोहत आली आणि मी काठावर खुर्ची टाकून बघत आलो. वर जकारांडाची जांभळी फुलं, खाली निळा उजेड आणि मधून संथ जाणारी ग्लेनिस. दोन महिने मला दुसरं काही सुचत नव्हतं.

"दिवा नसला तरी चालेल रे," ती म्हणाली.

"मला नाही चालणार," मी म्हणालो आणि पाण्यात उडी मारली.

दिवा भिंतीत, पाण्याखाली हातभर. वरच्या बाजूला एकच स्क्रू. तो काढला की दिवा लांब वायरीसकट बाहेर येतो. पण स्क्रू गंजून भिंतीशी एकजीव झालेला. स्क्रूड्रायव्हर फिरवला तर स्क्रू तसाच आणि मी फिरलो. फवाऱ्याचं तेल मारलं, तर ते स्क्रूला न शिवता वर गेलं आणि पाण्यावर इंद्रधनुष्य पसरलं. मी खालून ते बघत राहिलो. श्वास संपल्याचं जरा उशिराच लक्षात आलं.

शुक्रवारी दुपारी मी पंप आणला. कुंपणापलीकडून नेव्हिलची मान वर आली. नेव्हिल आमचा शेजारी, निवृत्त दातांचा डॉक्टर.

"रॉस, तलाव रिकामा करू नकोस हं. आठवडाभर पाऊस झालाय, जमीन पाण्याने भरलीय. फायबरचा तलाव होडीसारखा वर येतो."

"हातभरच पाणी काढतोय. तू दात उपटायचं बघ."

"ते जन्मभर उपटले. एकासाठीही अख्खा जबडा बाहेर काढला नाही."

पंप सुरू केला. दिवा उघडा पडल्यावर स्क्रूवर तेल सोडलं. ते मुरायला तासभर लागणार होता, म्हणून रबरी गादीवर आडवा झालो. वर जकारांडा, खाली डुलणारं पाणी आणि दूर कुठेतरी पंपाची गुणगुण. पंप बंद करायला हवा, असं मनात आलं. पण ते कोणी दुसऱ्याने करायचं काम वाटलं.

मी आणि ग्लेनिस होडीत होतो. होडी हळूहळू खाली गेली, मग हळूहळू वर. फारच सुखाचं वाटलं. मग झाडावरचा कुकाबुरा पक्षी खदाखदा हसला आणि मी जागा झालो.

तलावात पाण्याचा थेंब नव्हता. उठून उभा राहिलो. एरवी समोर कुंपणाच्या फळ्या दिसायच्या. आज नेव्हिल दिसत होता, चहाच्या कपापासून सपातांपर्यंत.

"ये," नेव्हिल म्हणाला. "निघाला का स्क्रू?"

मी खाली पाहिलं. तलाव पिळवटून वर आला होता, दिवा वायरीला लोंबत होता आणि स्क्रू माझ्या पायाशी पडला होता.

"निघाला," मी म्हणालो.

शनिवारी संध्याकाळी ग्लेनिस काठी टेकत आली. तिने जमिनीतून कमरेइतक्या वर आलेल्या तलावाकडे बराच वेळ पाहिलं.

"दिव्याला नक्की काय झालं होतं?"

"लागत नव्हता."

ती गॅरेजमध्ये गेली. खट् असा आवाज आला आणि लोंबता दिवा लख्ख पेटला.

"जाताना मी बटण बंद केलं होतं. फ्रिजवर चिठ्ठी लावली होती, रॉस."

त्या चिठ्ठीवर मी क्रिकेटचं वेळापत्रक लावलं होतं. ती आत गेली. आता ती बॅग उचलून परत टूवूम्बाला जाणार, असं वाटून मला खरंच रडू आलं. पण ती पोहण्याच्या कपड्यांत बाहेर आली आणि सरळ नेव्हिलच्या फाटकाकडे निघाली.

"माझ्या तलावाचं पाणी छान आहे, ग्लेनिस," नेव्हिल म्हणाला. "आमच्याकडे दिवा मात्र नाही हं."

मी स्वयंपाकघरातून ओव्हनचे जाड हातमोजे आणले, तरंगलेल्या तलावात चढलो आणि तापलेला दिवा दोन्ही हातांनी कुंपणावर धरला. पलीकडचं पाणी निळं झालं. ग्लेनिस त्यातून संथपणे गेली, वळली, पुन्हा आली. मी श्वास घ्यायचं विसरलो.

"जरा डावीकडे," ती म्हणाली.

मी डावीकडे धरला. तेव्हा काठावर खुर्ची टाकून बसलेला नेव्हिल दिसला.

"हात हलवू नकोस रे, रॉस," तो चहा ढवळत म्हणाला. "फार सुंदर दिसतंय."