ज्वारीचा लघु, वालाचा गुरू

काशीराम मास्तर कवितेवर धान्य चिकटवायचे. थट्टा नाही, चांगली खळ लावून. अरबी ओळीतल्या लघु अक्षराला ज्वारीचा दाणा, गुरूला वाल. इंग्रजी ओळीत जिथे आवाजाचा जोर पडतो तिथे चिंचोका, बाकी सगळी ज्वारी. पहिल्या महायुद्धानंतरची ती वर्षं. नंदुरबारच्या इंग्रजी शाळेत ते इंग्रजी शिकवायचे, मी गणित. रनाळ्याच्या शेतकऱ्याच्या या मुलाला दोन परमुलखांतल्या कवितांच्या चाली ताडून बघायची उठाठेव कुणी सांगितली होती, देव जाणे.

मधल्या सुटीत मला गाठून आपल्या अहिराणीत ऐकवायचे, "अरबीमा लांब अक्षर लांबच राहस, भाऊ. इंग्रजीमा साहेब ज्यान्हावर जोर दी, तोच मोठा." मग हेडमास्तरांच्या खोलीकडे बघायचे. एवढं मात्र मला पटायचं. बढत्या कुणाला मिळतात ते मीही बघत होतो.

शाईनं खुणा करा की, असं मी किती वेळा सांगितलं. बोटाला समजलं पाहिजे, एवढंच म्हणायचे. त्यावर आम्ही मास्तर लोक पोट धरून हसायचो.

नऊ वर्षांची ती पानं त्यांनी मुंबईच्या एका विद्वान मंडळाकडे पाठवली. श्रावणात गठ्ठा परत आला. सोबत चिठ्ठी, की टपालानं धान्य पाठवू नये. कुणी वाचलंच नव्हतं. वालांना कीड लागून भुगा झाला होता, चिंचोके शाबूत. सगळ्यांदेखत मी म्हणालो, "मास्तर, अरबी किडीनं खाल्ली. सरकारी भाषा तेवढी टिकली." काय हशा पिकला! मास्तरांनी भुगासुद्धा रुमालात गोळा केला आणि गेले.

दोन दिवस शाळेत आले नाहीत. हेडमास्तरांनी मला पाठवलं. ते मौलवीसाहेबांकडे सापडले. लहानपणी त्यांना अरबी शिकवलेले हे म्हातारे मौलवी, डोळे कधीच गेलेले. मास्तर दाणे चिकटवत होते, पुन्हा पहिल्या पानापासून, आणि म्हातारा ओल्या ओळीवरून बोट फिरवून चूक सांगत होता. नऊ वर्षं हेच चाललं होतं. त्या बोटानं तपासलेली पानं तीच खरी, म्हणून या वेड्यानं नक्कल न करता तीच मुंबईला धाडली होती. मला माझीच शरम वाटली.

मुंबईवाले छापताहेत, आणखी एक प्रत मागितली आहे, असं मास्तरांनी म्हाताऱ्याला खोटंच सांगितलं होतं. मौलवीसाहेब मला म्हणाले, "तुम्ही शिकलेले. मुंबईला पत्र लिहा. किताबावरचं माझं नाव काढा, फक्त काशीरामचं ठेवा. मेहनत त्याची आहे."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मी कागद घेतला, लिहिलं, वाचून दाखवलं. सहीसाठी मास्तरांनी म्हाताऱ्याचा हात धरून कागदावर टेकवला.

ते पत्र मी टाकलं नाही. कुणाला टाकणार?