हायरमरावांची गाडी आणि टॅबिथाबाईंचा मुलूख

श्री चाकनारायण प्रसन्न.

नांगराच्या फाळास नमन, बैलांच्या खुरांस दंडवत, आणि ज्या वाऱ्याने माणसास घरात स्वस्थ बसू दिले नाही त्या वाऱ्यास दुरूनच रामराम करून हकीकत लिहितो ती ऐशी जे, शके सतराशे नव्वद, विभवनाम संवत्सरे, इंग्रजी सन अठराशे अडुसष्ट, ते समयी सातासमुद्रापलीकडे अमेरिकाखंडी, पश्चिमेच्या गवताळ प्रांती एक दौलत येऊन ठेपली. दौलतीस नाव नव्हते, किल्ला नव्हता, फौज नव्हती. छपराची एक गाडी, दोन बैल, गाडीमागे बांधिलेली एक गाय, लोखंडी शेगडी आणि खुराड्यात काही कोंबड्या, इतकाच सरंजाम. धनी हायरमराव, राणी टॅबिथाबाई, आणि चालत्या गाडीतच जन्मास आलेली कन्या लुसिंडा. राजधानी चाकांवर होती, आणि हीच या घराण्याची जुनी खोड.

घराण्याचे मूळपुरुष एझ्राबाबा समुद्र ओलांडून पूर्वकिनारी उतरले आणि अरण्य तोडून त्यांनी शेत केले. मग एके सकाळी टेकडीपलीकडे दुसऱ्या कोणाच्या धुराड्याचा धूर त्यांनी पाहिला आणि 'गर्दी जाहली' ऐसे बोलून पेरलेले शेत टाकून कूच केले. त्यांचे पुत्र जेडिडायाराव, त्यांनी डोंगर ओलांडिला, नवे शेत केले, धूर पाहिला आणि कूच केले. त्यांचे पुत्र हायरमराव, त्यांच्या तर पायाला जन्मतःच भिंगरी. टॅबिथाबाईंशी विवाह जाहल्यापासून त्यांनी तीन मुलूख जिंकिले आणि तिन्ही शेजाऱ्याच्या धुरापायी सोडिले. लढाई कोठेच जाहली नाही, आणि पराभव मात्र तीन वेळा जाहला, ऐसे बाई मनात म्हणत.

बाई गिरणीवाल्याच्या कन्या. माहेरी दिवस उजाडल्यापासून गिऱ्हाइकांची ये-जा, दळणासोबत गावभरच्या गोष्टी, कोणाचे लग्न ठरले आणि कोणाची गाय आटली हे सर्व प्रथम त्यांच्या ओसरीवर कळे. सासरी आल्या तो बोलावयास दोन बैल. राव प्रेमळ होते, हात उगारणारे नव्हते, परंतु दिवसाकाठी चार शब्द बोलिले की त्यांचा साठा संपे. बाईंनी प्रत्येक मुलखी दाराशी गुलाब लाविला, आणि प्रत्येक गुलाब कळ्या धरू लागे तोच राव कूच करावयास गाडीच्या आसास चरबी लावावयास बसत. बाईंच्या जिवाचे पाणी होई, आणि तरी त्या मुकाट गाडीत चढत.

तो त्या देशीच्या सरकाराने दवंडी पिटविली की, जो कोणी पश्चिमेस जाऊन एकशे साठ एकर जमीन धरील, घर बांधील, कसणूक करील आणि पाच वर्षे तेथेच राहील, त्यास ती जमीन कायमची बहाल. शेवटचे कलम ऐसे की, मुदत भरल्यावर दोन शेजाऱ्यांनी कचेरीत शपथेवर सांगावे, हा माणूस येथे राहतो. रावांनी 'बहाल' इतके ऐकिले आणि पुढील ऐकावयास थांबले नाहीत, सही करून मोकळे जाहले. मग त्यांनी जागा कोणती निवडावी? उंचवट्यावर उभे राहून चहूंकडे पाहिले, आणि जेथून एकही धूर दिसत नव्हता तेथे खुंटी ठोकिली.

बाई बोलिल्या, "अहो, साक्ष कोण देणार?"

राव बोलिले, "कसली साक्ष?"

"दोन शेजाऱ्यांची. कचेरीतल्या माणसाने वाचून दाखविले ते तुम्ही ऐकिले नाही?"

"पाच वर्षे पडली आहेत, टॅबिथे. बघू."

"बघू म्हणता, पण माणसे काय गवतासारखी उगवतात?"

रावांचे त्या दिवसाचे शब्द संपले होते. मग नांगराने गवताची जाड ढेकळे मुळांसकट कापिली आणि विटांप्रमाणे रचून घर बांधिले, वर छप्परही त्याचेच. बाहेर पाऊस थांबे आणि घरात थेंब पडत राहत. एकदा सर्प छपरातून थेट पिठाच्या डब्यात उतरला, तेव्हा लुसिंडेने त्यास झाडूने बाहेर घातले. लाकूड नव्हते म्हणून रानगव्यांच्या वाळल्या शेणावर चूल पेटे. हे सर्व बाईंनी सोसले. वारा मात्र सोसवेना. तो रात्रंदिवस भिंतीशी घोंघावे, त्यास उत्तर देणारे कोणी नाही, आणि रावांचे डोळे त्याच्याबरोबर पश्चिमेकडे जात.

मग तिसरे वर्ष लागले आणि एक उंच, लाल दाढीचा माणूस चालत आला. नॉर्वे देशीचा हालवर तो, बायको गुनहिल बरोबर. त्याची भाषा मोडकी. "आगकाड्या भिजल्या," तो बोलिला. "तुमच्या चुलीतले निखारे देता काय?" रावांनी स्वहस्ते निखारे मडक्यात घालून दिले, कारण मागितलेला विस्तव नाकारणे त्या मुलखी कोणास सुचत नसे. दुसऱ्या सकाळी पूर्वेस धूर उभा राहिला. आपल्याच चुलीचा विस्तव, आणि त्याचाच धूर! राव दारात उभे राहून त्याकडे पाहत राहिले आणि त्यांची न्याहारी तशीच निवाली.

बाईंची मात्र भूक वाढली. त्या डोईस रुमाल बांधून गुनहिलेकडे गेल्या, आणि दोघींस एकमेकींची भाषा येईना तरी कॉफीचे भांडे रिकामे होईपर्यंत बोलिल्या, हसल्या, आणि मग कशावरून कोण जाणे, दोघी रडल्या. परत येताना बाई वाटेत मोठ्याने गाऊ लागल्या, आणि लुसिंडा चकित होऊन त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली, कारण आईस गाता येते हे तिला ठाऊक नव्हते.

पुढे हालवराचा मेहुणा क्नूट आला आणि उत्तरेस दुसरा धूर उभा राहिला. रावांचे खाणे गेले, झोप गेली. बसले की उठत, उठले की गाडीभोवती फिरत. मुदतीचे शेवटचे वर्ष लागले, आणि सुगीनंतर एके सकाळी त्यांनी चरबीचे भांडे काढिले. बाईंनी ते पाहिले आणि हातातले पीठ तसेच ठेवून बाहेर आल्या.

"काय चालले आहे?"

"पुढे नदीपलीकडे मोकळा मुलूख आहे ऐसे ऐकितो. येथे श्वास घेववत नाही, टॅबिथे. जिकडे पाहावे तिकडे माणसे."

"दोन घरे आहेत, हायरम."

"आज दोन."

"ही दोनच आपणास हवी होती. त्यांच्या साक्षीवाचून ही माती आपली होत नाही, आणि मुदत भरत आली. आता उठून गेलात तर सर्व गेले."

"तिकडे दुसरी धरू. मोफत आहे."

तेव्हा बाई जे बोलिल्या ते या घराण्यात कोणी स्त्री आजवर बोलिली नव्हती. "तुम्ही धरा. मी गाडीत चढत नाही."

रावांस वाटले, रागाने बोलते, सामान भरले की येईल. त्यांनी शेगडीस हात घातला तो बाई शेगडीपुढे उभ्या. त्यांनी गायीचे दावे सोडिले तो लुसिंडेने ते हातातून घेतले. मग ते बैल जुंपून निघाले, उंचवट्यावर थांबले, मागे वळून पाहिले, आणि गेले. बाई तोवर ताठ उभ्या होत्या. गाडीचे छप्पर दिसेनासे जाहले आणि त्या तेथेच मातीत बसल्या, कारण नवऱ्यावर त्यांची माया होती आणि ती काही गाडीबरोबर गेली नव्हती.

मग दौलतीवर संकटे आली. नैर्ऋत्येकडून वणवा आला, तो हालवर आणि क्नूट यांनी घाम गाळून बाईंच्या शेताभोवती नांगराने उघड्या मातीचा पट्टा काढिला, गुनहिल ओली पोती घेऊन धावली, आणि वणवा पट्ट्यापाशी येऊन विझला. मग बर्फ आले, आणि दारापासून गोठ्यापर्यंत दोर बांधून त्यास धरून माय-लेकी गायीचे दूध काढीत. वाऱ्याने दार वाजे आणि प्रत्येक वेळी बाई उठून उघडीत, आणि दारात बर्फच असे.

मुदत भरली तेव्हा बाई शेजाऱ्यांसह कचेरीत गेल्या. कारकुनाने पुसिले, "घरधनी कोठे?"

बाई बोलिल्या, "घर येथे आहे. धनी निघून गेला, तो ऋतू उलटले तरी आला नाही."

"मग अर्ज कोणाचा?"

"जी राहिली तिचा."

कारकुनाने कायद्याचे पान उलटिले, वरिष्ठास विचारून आला, आणि बोलिला की टाकिलेल्या बायकोस कुटुंबाचा मुख्य मानण्यास हरकत नाही. हालवराने शपथ घेतली, क्नूटाने घेतली, दोघांनी सांगितले की ही बाई येथे राहते. मुलूख टॅबिथाबाईंच्या नावे बहाल जाहला.

पुढल्या वसंतात राव आले. बैल एकच उरला होता, आणि गाडी ओढावयास दुसऱ्या बाजूस ते स्वतः. नदीपलीकडच्या कचेरीत त्यांस सांगण्यात आले होते की, एका माणसास आयुष्यात एकदाच जमीन मिळते आणि तुमचे नाव मागील मुलखी लागून गेले आहे. ते दारापाशी आले, टोपी काढिली आणि बोलिले, "घरी आलो."

बाईंनी पिठाचे हात ओच्यास पुसिले. "घर माझ्या नावे आहे," त्या बोलिल्या.

रावांनी टोपी छातीशी धरिली. "मग मी राहू काय?"

"कायदा सर्वांस एकच, हायरम. पाच वर्षे राहा, जमीन कसा, आणि दोन शेजारी तुमची साक्ष देतील ऐसे वागा. हात धुवा आधी, जेवण होत आले आहे."

राव राहिले. सुखाने राहिले ऐसे लिहिणे खोटे होईल. वसंत आला की त्यांचे पाय शिवशिवत, मग ते पश्चिमेच्या हद्दीपर्यंत जात, उभे राहत आणि परत येत. बाई काही पुसत नसत, परंतु ते परतेतोवर त्यांचे चित्त कोणत्याच कामात लागत नसे. हालवराचे धुराडे पडले ते रावांनी बांधून दिले, आणि बांधिताना त्याच्याशी दिवसभर बोलिले, ऐसे गुनहिल शपथेवर सांगते.

रावांची पाच वर्षांची मुदत भरली त्या दिवशी बाईंनी दोन्ही शेजाऱ्यांस जेवावयास बोलाविले, आणि पानावर बसल्यावर सर्वांदेखत पुसिले, "हा माणूस येथे राहतो काय?"

हालवर बोलिला, "राहतो."

क्नूट बोलिला, "राहतो."

रावांनी घास खाली ठेविला आणि तोंड झाकून घेतले. एझ्राबाबांपासून त्या घराण्यातील कोणा पुरुषाविषयी कोणी ऐसे बोलिले नव्हते. येणेप्रमाणे या दौलतीची हकीकत जाहली तैसी लिहिली. मुलूख एक, धनीण एक, आणि तिच्या राज्यात रयत म्हणून दाखल जाहलेला नवरा एक. लेखनसीमा.