भुसावळचं ऊन आणि शाळेचा हॉल

शशिकांत नेहेते यांचं डोकं तापायला कतारमधल्या दोह्याच्या उन्हाची गरज नव्हती. ते मूळचे भुसावळचे. भुसावळच्या माणसाला उन्हाची भीती घालणं म्हणजे कोळ्याच्या पोराला पाण्याची भीती घालणं, असं ते स्वतःच सगळ्यांना ऐकवत. त्यामुळे शाळेचा ई-मेल आला आणि घरात वणवा पेटला.

मुलांना खेळायला शाळेला एसी हॉल बांधायचा होता. त्यासाठी प्रत्येक कुटुंबाने शाळेचा एक बाँड घ्यायचा, म्हणजे ठरलेली रक्कम शाळेकडे बिनव्याजी ठेवायची आणि मूल शाळा सोडेल तेव्हा परत घ्यायची. पालकांच्या सभेत हात वर करून मतदान होणार होतं.

"बिनव्याजी! आणि कशासाठी, तर पोरांना घाम येऊ नये म्हणून! अरे, घाम यावा म्हणूनच तर खेळतात!" ओल्ड एअरपोर्ट भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आठवडाभर हीच गर्जना चालू होती.

त्यांची लेक गार्गी आठवीत, बास्केटबॉलच्या टीममध्ये. उन्हाळाभर चेंडू कपाटात पडून असायचा, आणि हॉल असलेल्या शाळा येऊन यांना धुऊन जायच्या. नुकतीच तिला भर मैदानात चक्कर आली होती. "पाणी कमी प्यायलीस," असा निकाल देऊन बाबा मोकळे झाले आणि गार्गीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. रागाच्या बाबतीत लेक बापावरच गेली होती. फक्त बाप ओरडायचा आणि ही गप्प बसायची. गार्गीच्या आईच्या, मालविकाताईंच्या मते हा दुसरा राग जास्त जड जातो, पण त्यांचं मत विचारतो कोण?

शशिकांतरावांनी व्हॉट्सॲपवर विरोधी पालकांचा ग्रुप काढला. अल मन्सूरा भागात किराण्याचं दुकान चालवणारे रत्नागिरीचे रहमानभाई सेनापती झाले. मग शशिकांतरावांनी हुकमाचा पत्ता टाकला. सभा लायब्ररीत नको, मैदानावरच घ्या, असं त्यांनी प्रिन्सिपल मॅडमना कळवलं. मैदानात काय वाईट आहे ते पालकांना एकदा दिसू दे! कल्पना उत्तम आहे, असं मॅडमचं लगेच उत्तर आलं. इथेच माणसाला संशय यायला हवा होता. पण रागावलेल्या माणसाला कुणी उत्तम म्हटलं की त्याची बुद्धी आणखीच चरायला जाते.

सप्टेंबरातला शनिवार, दुपारची वेळ. वारा पडलेला, आणि हवा ओल्या गोधडीसारखी अंगावर आलेली. हॉल हवा असलेले पालक टोप्या, छत्र्या, बाटल्या घेऊन निमूट बसले होते. गार्गी आईशेजारी हाताची घडी घालून बसली होती. आणि विरोधकांच्या खुर्च्या सगळ्या रिकाम्या! शशिकांतरावांनी दात-ओठ खात रहमानभाईंना फोन लावला.

"हितंच आहोत की," रहमानभाई म्हणाले. "गेटाबाहेर, आपापल्या गाडीत. एसी लावून बसलोय. मतदान आलं की ग्रुपवर यल्ला टाका, चला म्हणून, धावत येतो नि हात वर करतो."

"अहो, जरा ऊन लागलं तर काय मरता का?"

"तुम्ही भुसावळचे, शशिभाऊ. आम्ही नाय."

दुसरा इलाज नव्हता. शशिकांतरावांनी फोन समोरच्या टेबलावर तयार ठेवला, भर उन्हात, आणि भाषणाला उभे राहिले. ते बोलले ते बोललेच. भुसावळची अनवाणी शाळा आली, हल्लीची लाडावलेली पोरं आली, आईबापांचे फाजील लाड आले. शर्ट पाठीला चिकटला, घाम डोळ्यांत उतरला, पण माणूस थांबेना. ऊन त्यांना काहीही करत नव्हतं, हे सिद्ध व्हायलाच हवं होतं.

शेवटी मॅडमनी विचारलं, विरोधात कोण? शशिकांतरावांनी एक हात वर केला, दुसऱ्या हाताने फोन उचलला, यल्ला लिहून बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. फोन फार तापला आहे, थंड होईपर्यंत चालणार नाही, असं त्या काळ्या पडद्यावर आलं. त्यांनी फोन हलवला, आपटला, कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तोवर विरोधात एकच मत पडून बाँड मंजूर झाला होता.

गार्गी उठली. तिने बाबांच्या हातातून फोन काढून घेतला आणि ऑफिसातल्या एसीसमोर नेऊन धरला.

इकडे मॅडमनी शेवटचा विषय काढला. काही कुटुंबांना बाँड झेपणार नाही. त्यांच्या वाटचा दुसरा बाँड कोण घेईल? हात वर करा. सगळ्यांना एकदम आपापल्या चपला बघाव्याशा वाटल्या. कुणी हलेना. आणि तेवढ्यात ऑफिसात फोन निवला, अडकलेला यल्ला सुटला.

गेटाबाहेर गाड्यांची दारं धडाधड वाजली. रहमानभाई पुढे आणि विरोधकांची अख्खी फौज मागे, सगळे हात वर करून मैदानात धावत आले! टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमनी लगेच यादी काढली. रहमानभाईंनी तर उत्साहाने दोन्ही हात वर केले होते, त्यांना वेगळ्या टाळ्या पडल्या. आपण कशाला विरोध केला हे ते शेजाऱ्याला विचारेपर्यंत मॅडम नावं लिहूनही मोकळ्या झाल्या. पोरं कौतुकाने बघत असताना कोणता बाप हात मागे घेणार?

यादीत पहिलं नाव शशिकांत नेहेते यांचं होतं. रागाच्या भरात विरोधाचा हात खाली घ्यायचा ते विसरले होते.

गार्गी परत आली आणि तिने फोन त्यांच्या पुढ्यात ठेवला. एरवी ती घरातही इंग्लिशमध्येच उत्तरं द्यायची. पण आज तिने स्वच्छ मराठी काढलं, बापाला कळलं नाही असं व्हायला नको म्हणून.

"काही नाही झालं बाबा, फोनला चक्कर आली होती. पाणी कमी प्यायला असेल."

शशिकांतरावांनी हात खाली घेतला.