भिंगारदिव्यांची मिश्र तंबाखू

तंबाखू नगर जिल्ह्यात पुष्कळांनी खाल्ली, ओढली, भाजून दाताला लावली. पण ती समजली फक्त एका माणसाला, असं आमचे शेजारी शांतवन भिंगारदिवे गंभीरपणे सांगत. त्या माणसाचं नाव ते घेत नसत. विनय त्यांच्या अंगी होता. पाइप पेटेपर्यंत तो टिकत असे.

भिंगारमध्ये त्यांच्या आणि आमच्या अंगणात एक कमरेएवढी भिंत होती. लष्करी वर्कशॉपच्या रंगखात्यातून ते फोरमन म्हणून निवृत्त झाले, तेव्हा बदलीवर निघालेल्या एका कर्नलने त्यांना आपला जुना पाइप दिला. कर्नलला बहुधा सामान कमी करायचं होतं. फोरमनना मात्र ती बढती वाटली. डब्यातली विलायती तंबाखू पेन्शनीत बसत नव्हती, म्हणून ते स्वतःच मिश्रण करू लागले.

रविवारी चर्चहून आले की ते कोट काढून ओसरीवर वर्तमानपत्र पसरत. त्यावर तीन जातींची पानं: एक जळायला, एक गोडीला आणि एक, त्यांच्या शब्दांत, 'वजनाला'. त्यांवर गुळाचं पाणी शिंपडायचं, कुकरमध्ये वाफ द्यायची, मग फडक्यात बांधून लोखंडी शिकंज्यात आवळून ठेवायचं. रोज स्क्रूचा एक आटा पिळायचा. त्याच कुकरमध्ये त्यांचा भात होई. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे तक्रार करायला घरात कोणी नव्हतं.

"घाई केली की तंबाखू जीभ चावती," ते म्हणत. "कुत्र्यासारखं हाय, मास्तर. आधी वळख होऊ द्यायची."

चवीला ते 'शेड' म्हणत. आयुष्य रंग कालवण्यात गेलं होतं. डोळे मिटून ते मला सांगत, "पहिल्या झुरक्याला गूळ. अर्ध्यावर सुकं अंजीर. आन तळाला नवी चप्पल. चांगल्या कातड्याची, बरं का!" मला धुराचा वास येई. तसं बोललो की म्हणत, "तुमचं नाक पुस्तकानं बिघडलं."

पण स्वतःलाही ते सवलत देत नसत. एकदाही न विझता तळापर्यंत जळेल, जीभ पोळणार नाही आणि मागे पांढरी राख सोडेल, अशी तंबाखू त्यांना हवी होती. पाइप मध्येच विझे. ते राख झटकत आणि म्हणत, "शेड जमली न्हाई."

माझे वडील, अण्णा, कोर्टात नाझर होते. धूम्रपान त्यांच्या लेखी दखलपात्र गुन्हा होता. फोरमनच्या बाजूची खिडकी त्यांनी कायमची बंद करून टाकली होती.

एका उन्हाळ्यात अण्णांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, बोलणं सावरलं नाही. डॉक्टर म्हणाले, "आवाज शाबूत आहे. शब्द वापरात राहिले तर परत येतील, नाहीतर कायमचे गेले समजा. बोलतं करा त्यांना. चिडवा हवं तर." आईने वर्तमानपत्र वाचून दाखवलं, नातवंडांनी पाढे म्हटले, मी मुद्दाम कायद्याची चुकीची कलमं सांगितली. अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं.

उकाड्याने आईने ती खिडकी उघडली. संध्याकाळी फोरमन भिंतीशी येऊन उभे राहिले. "काय नाझरसाहेब, कसं काय?" बोलता बोलता त्यांनी पाइप पेटवला. धूर आत आला. अण्णांचं नाक हललं. मग ओठ हलले.

"वि... विझव!"

फोरमन घाबरून पाइप झटकू लागले.

"भाऊ, विझवू नका!" आई ओरडली.

दुसऱ्या दिवशी फोरमननी तीच तंबाखू ओढली. अण्णा ढिम्म. सवय झाली होती. तिसऱ्या दिवशी वास वेगळा आला.

"साल," अण्णा म्हणाले.

"साल न्हाई नाझरसाहेब, संत्र्याची शेड हाय."

"साल. जळकी."

एकाचे दोन शब्द झाले. त्यानंतर रोज नवं मिश्रण येऊ लागलं. चिंच आली, मेथी आली, कडुनिंब आला. अण्णा उशीवरून वास घेत आणि निकाल देत. ऊन उतरलं की स्वतःच खिडकीकडे बोट दाखवत. दिवाळीच्या सुमारास ते पूर्ण वाक्यात अपमान करू लागले. "फोरमन, यापेक्षा वर्कशॉपातलं टायर जाळा. त्याला निदान सरकारी वास असतो." फोरमन भिंतीवर कोपर टेकून ऐकत आणि पुन्हा काडी ओढत.

हिंगाचं मिश्रण आलं त्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. म्हाताऱ्याची कला उतरणीला लागली, हे कोणीतरी सांगायला हवं होतं. गेलो, तर फोरमन मोरीशी बसून जिभेला तूप लावत होते.

"सालटं निघालं," ते म्हणाले.

"मग असलं ओढता कशाला?"

त्यांनी बोटावर आणखी तूप घेतलं. "मागल्या मंगळवारी जमली हुती, मास्तर."

"काय?"

"शेड. तळापोतर गेली, एकदा बी विझली न्हाई. राख पांढरीफेक. जिभेला नुसता मऊ हात लावावा तशी. मनलं, नाझरसाहेब काय म्हनत्यात बघू. तर ते डोळे मिटून पडले. एक शब्द न्हाई. मी लई वाट बघितली."

ती संध्याकाळ मला आठवली. आम्ही घाबरून डॉक्टरांना विचारायला निघालो होतो.

"मग ती तंबाखू कुठंय?"

"टाकली."

"सगळी?"

"ठिवली असती तर वडली असती." त्यांनी तुपाची वाटी झाकली. "आन खरं सांगू? हितं घरात माझ्याशी बोलतंय कोन? तिकडं सांजच्याला कुनीतरी नाव घिऊन शिव्या देतंय. बरं वाटतं."

आभार मानायचे म्हणून मी घसा खाकरला. तोवर त्यांनी माझ्यापुढे सूप सरकवलं होतं. उद्यासाठी मेथी निवडायची होती. मी निवडली.

अण्णा पुढे बरीच वर्षं बोलले, बहुतेक आमच्याविरुद्ध. आई ते कौतुकाने ऐके. प्रत्येक शब्द फोरमनच्या सोललेल्या जिभेवरून आमच्या घरात आला होता, हे तिला आणि मला ठाऊक होतं. अण्णांना आम्ही सांगितलं नाही. त्यांनी पाइपवर चांगलं मत दिलं असतं आणि सगळंच बिघडलं असतं.

जमलेली ती तंबाखू फोरमननी परसातल्या शेवग्याच्या बुंध्याशी पुरली होती. तंबाखूने कीड मरते म्हणतात. त्या वर्षी शेवग्याला कीड लागली नाही. शेंगाही लागल्या नाहीत.